मालोजींची सक्तीची विश्रांती

त्या मंगळवारी सकाळी मालोजी अंगणात बसून चहा पीत होते आणि निम्मं आकुर्डी गाव त्यांच्यावर लक्ष ठेवून होतं. पलटणीतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत कुणाला पुढं जाऊ न दिलेला हा गडी, पेन्शनीत आल्यावरही रोज पहाटे देहूरोडपर्यंत पळून यायचा. मग पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात दरवानाच्या जागेसाठी तपासणी झाली. डॉक्टरांना नाडी भलतीच संथ लागली, एक्स-रेत हृदय मोठं दिसलं. निकाल लागला: नोकरी नाही, पळणं बंद, चालणं बेतानं, जिना वर्ज्य. गावात जिना एकच, पाटलांचा. मालोजींना तिथं कुणी कधी बोलावलं नव्हतं, तरी तो बंद झाला.

त्यांची लेक इंदू चिंचवडच्या शाळेत शिकवायची. पुण्याच्या ग्रंथालयात तिनं वाचलं होतं, की वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय मोठं नि बळकट होतं. एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून सावकाश चालतं. तो आजार नव्हे. घरात ती हे बोलली नाही. डॉक्टरांशी वाद कोण घालणार, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच सकाळच्या चहाला तिच्याशेजारी बसू लागले होते.

"चिंचवडला जाऊन येतो पायी," मालोजी उठले.

"पायी?" त्यांचा धाकटा भाऊ आबाजी म्हणाला. "छातीत काय घिऊन फिरताय, ठाव हाय का? विटांचा ट्रक निघालाय, बसा वर."

"आरं, त्या ट्रकपेक्षा मी बरा पळतो."

"पळूनच तर ही गत झाली, दादा."

मालोजींनी लेकीकडं पाहिलं. ती कप विसळायला आत गेली.

ओढ्याच्या वळणावर ट्रक उलटला. ड्रायव्हरला खरचटलं. हृदयाला हिसका बसू नये म्हणून वर बसवलेले मालोजी विटांखाली गेले.

तेराव्याला आबाजी पाहुण्यांना समजावत होता, "विटा आपलं निमित्त. हृदयच बंद पडलं. डॉक्टर देवमाणूस, आधीच वळखलं व्हतं."

"पळून पळून झिजलं आसंल," शेजारच्या गोजाबाईंनी दुजोरा दिला. विटा एकमतानं निर्दोष सुटल्या.

इंदूनं हातातलं वाढपाचं पातेलं खाली ठेवलं.

"काका, अण्णांचं हृदय ह्या पंगतीतल्या कुणाहीपेक्षा धडधाकट होतं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी ते पायी गेले असते, तर जेवायच्या आत घरी आले असते."