बारा लाइनींचा भागाकार

त्या पेढ्यांची मला आजही किळस येते. सुदर्शन सरांनी दोन किलो मागवले होते आणि फायबरवरच्या पंचाहत्तरच्या पंचाहत्तर लाइनी भरल्या म्हणून ऑफिसभर वाटले. मीही खाल्ले. दोन खाल्ले आणि वर ‘अभिनंदन सर’ म्हणालो.

साल दोन हजार तेरा. हर्सूलचा तलाव आटला होता आणि बीड बायपासला रोज नवी कमान उभी राहत होती. टाउनशिप, मॉल, कॉल सेंटर, सगळ्यांना आमच्या कंपनीची डेटा लाइन हवी होती. औरंगाबादहून कन्नड, पिशोर, सोयगावकडे जाणारं फायबर मी सांभाळायचो. त्यावर एसटीएम-वन नावाचा एकच मोठा प्रवाह चालायचा, सेकंदाला १५५.५२ मेगाबिटचा. गिऱ्हाइकाला द्यायची ई-वन लाइन २.०४८ मेगाबिटची. सरांनी मोबाइलवर भागाकार केला. पंचाहत्तर पूर्णांक चौऱ्याण्णव. वरचा अपूर्णांक त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिला आणि सहा गावांच्या टॉवरवरचे मोबाइल फोन वाहणाऱ्या अठरा लाइनी धरून उरलेल्या सत्तावन्न शहरात विकल्या.

बसतात त्रेसष्टच! कापसाची ट्रॉली काट्यावर चढवली तर ट्रॉलीचं वजन वजा करावंच लागतं. तसंच त्या १५५ मधली बरीच जागा पत्ते, तपासणी आणि वेग जुळवणं यातच जाते. आमच्या गावचा अडाण्यातला अडाणी माणूसही ट्रॉलीसकट कापूस मोजून घेणार नाही. सर इंजिनिअर होते.

आणि मला हे ठाऊक होतं. विक्रीचा तक्ता सहीसाठी माझ्याकडेच आला होता. मी म्हणालो, “सर, एकदा आकडा बघायचा का?”

“रामप्रसाद, भागाकार मी केलाय. तू फक्त सही ठोक. तुझी कन्फर्मेशनची फाइल माझ्याच टेबलवर आहे ना?”

मी सही ठोकली.

लाइनी जोडायला बसलो तर चौसष्टावी मशीननं घेतलीच नाही. मशीनची फाइल कुणाच्या टेबलवर अडकलेली नव्हती. सर आले, स्क्रीनकडे पाहिलं, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

“बारा कमी पडतात ना? गावांना तीन-तीन आहेत. सहाही गावांच्या दोन-दोन काढ. हो गया हिसाब.”

“सर, पिशोरला एकच राहिली तर बाजाराच्या दिवशी फोन लागणार नाही. तिकडं दुष्काळ आहे, टँकर फोनवर चालतात.”

“दुष्काळात बोलायला असतं काय लोकांकडं?” म्हणाले आणि हसले.

मीही हसलो. थोडंसंच, पण हसलो. मग सकाळी अकरा वाजता, माझ्या हातानं, पिशोरच्या दोन लाइनी काढल्या.

पिशोरला आमची वस्ती गावापासून अर्ध्या कोसावर, माळावर. वडील, मल्हारराव, मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी घाटाखाली गेलेले. आई, सारजाबाई, एकटी. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओततो आणि लोक दोर सोडून ते उपसतात. अर्ध्या तासात विहीर पुन्हा कोरडी. म्हणून टँकरवाला कडुबा कन्नडहून निघाला की आईला फोन करायचा, आई वस्तीवर हाळी द्यायची आणि बाया घागरी घेऊन उतरायच्या. त्या एका फोनवर आमच्या चौदा घरांचं पाणी होतं.

आठवड्यानं कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. मी पेढे घेऊन गावी गेलो. तेच पेढे, त्याच दुकानातले.

आईनं खोका हातात घेतला, देवापुढं ठेवला आणि आतून पेला आणला. तळाशी बोटभर पाणी, गढूळ.

“एवढंच हाय रं. बाजारच्या दिशी टँकर आला आन् गेला, आमाला पत्ताच नाय. कडुबा म्हनतो, धा बार फोन लावला, लागलाच नाय. आमी पळत उतरलो तवर हिरीत चिखल. पारूबाई तर हिरीतच उतरली वाटीनं खरवडायला. पाय घसरला, आता कमरंनं आडवी पडलीया.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“तू हाईस ना तिथं? ह्ये फोनाचं काम तुझ्याच हापिसात व्हतं ना?”

“व्हय.”

“मंग बघ जरा. कोन्या मुडद्यानं आमचा फोन बंद क्येला, शोधून काढ. साह्यबाला सांग. आता तुझं आयकत्याल, पर्मनंट झालास.”

तिनं खोका उघडून एक पेढा माझ्या तोंडाशी धरला. मग बाकीचे पदरात घेतले, वस्तीवर वाटायला. पहिला पारूबाईला देणार होती.

“बघतो माय,” मी म्हणालो.

“आन् पानी का ठिवलं खाली? पी की. तुझ्यासाठीच राखलं व्हतं.”

ती दारात उभी राहून बघत होती, म्हणून मी ते पाणी प्यालो.