हरणाचं पान

मित्रांनो, मी एक जुनी मुद्रावही आहे. वय त्रेचाळीस. माझ्यातली बत्तीस पानं पाहून लोक हात जोडतात आणि तेहेतिसावं पान पाहून हसतात, कारण तिथं एक हिरवं हरीण उभं आहे. त्या हरणाची मला लाज वाटत नाही. त्याच्यापायी माझ्या मनात जे जे आलं, त्याची वाटते. आज तेच सांगायचं आहे.

माझा जन्म क्योटोच्या एका गल्लीतला. तुतीच्या सालीच्या कागदाची एक लांबलचक पट्टी घेतली, तिला पंख्यासारख्या घड्या घातल्या, पुढे-मागे पुठ्ठा लावला, वर जांभळं रेशीम चढवलं, आणि मी झाले. माझं काम सोपं. माणसाने देवळात जाऊन हात जोडायचे आणि मग खिडकीतून मला आत द्यायचं. आतले भंते ब्रशने देवाचं नाव लिहितात आणि वर लाल मुद्रा उमटवतात. म्हणजे हा माणूस इथं येऊन गेला. करुणेची देवता कान्नोन, तिच्या अशा तेहेतीस देवळांच्या मुद्रा झाल्या की वही पूर्ण. मालक जग सोडून निघाला की ती त्याच्या छातीवर ठेवून त्याच्याबरोबरच अग्नीत देतात. पलीकडे कुणी अडवलं तर दाखवायला. आम्हा वह्यांना याहून मोठा मान नाही, आणि मी पहिल्या दिवसापासून त्याच मानाकडे डोळे लावून होते.

तोमिएने मला घेतलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तिचा मुलगा न्यूमोनियातून उठला होता आणि तिने नवस बोलला होता. बत्तीस देवळं तिने पायी केली, बसने केली, एकदा तर कोबीच्या खोक्यांवर बसून ट्रकमधून गेली. दर पानाआड ती टिपकागद ठेवायची. एका डोंगरावरचे भंते मला उलटसुलट पाहून म्हणाले होते, "या वहीत एक डाग नाही." तोमिएने ते ऐकलं आणि विसरून गेली. मी विसरले नाही.

तेहेतिसावं देऊळ राहिलं, ते सगळ्यात जवळ होतं म्हणून. ओसाकाहून नारा, गाडीने तासाभराचा रस्ता. "ते काय, कधीही जाता येईल," असं ती म्हणत राहिली. मग तिचे गुडघे गेले. मग हृदयाचं दुखणं निघालं. सहा वर्षं मी देवघराच्या खणात उदबत्त्यांच्या पुड्यांशेजारी पडून होते.

गेल्या एप्रिलमध्ये तोमिएने मला इस्पितळात मागवून घेतलं आणि सुनेच्या हातात दिलं. सून म्हणजे चिहाया.

"तू जाऊन ये. त्या देवळाला एकशे वीस पायऱ्या आहेत, मला आता दोनही जमायच्या नाहीत."

"आई, ऑपरेशन झालं की आपण दोघी जाऊ ना."

"ऑपरेशननंतर मी कुठं जायचं ते ऑपरेशननंतरच ठरेल," तोमिए म्हणाली. "शुक्रवारी आहे ना? त्याआधी मला वही पुरी झालेली बघू दे. मग खुशाल भूल द्या म्हणावं."

बुधवारी चिहाया मला घेऊन निघाली. नवरा कामासाठी नागोयाला, म्हणून चार वर्षांची लेक सुझुही सोबत. चिहायाच्या पिशवीत माझ्याशेजारी कपड्यांचे दोन जोड, थर्मामीटर, पट्ट्या आणि भाताचे चार गोळे होते. सुझुच्या गळ्यात शिट्टी. गाडीत, रस्त्यावर, जिन्यावर, चिहायाची नजर लेकीवरून हटत नव्हती. "हात धर. पळू नको. ते तोंडात घालू नको." पोर बिचारी श्वासही विचारून घेत असावी असं मला वाटलं.

सुझुला मोठा बुद्ध बघायचा होता, म्हणून आधी तिथं. तिथल्या एका खांबाला भोक आहे. त्यातून जो पार होतो त्याचं भलं होतं म्हणतात. सुझु सुळकन आरपार गेली. तेवढ्यात चिहायाने दोन्ही बाजूंना दोनदा धावून घेतलं.

"आई, तू पण ये!"

"मी अडकले तर तुला घरी कोण नेईल?"

मागच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "आम्ही नेऊ की! तुम्ही शिरा तर खरं!" सगळे हसले. चिहायासुद्धा हसली, पण शिरली नाही.

तिथल्या मुद्रांच्या खिडकीवर एक पाटी होती. गमतीचे शिक्के मारलेल्या वहीत लिहून मिळणार नाही. एका तरुणाची वही आमच्यादेखत परत आली. तिच्यात रेल्वे स्टेशनचा शिक्का होता. त्याचे कान लाल झाले. आणि मी, मित्रांनो, पिशवीतल्या पिशवीत हसले. बरं झालं, म्हटलं. ज्यांना शुद्धता जपता येत नाही, त्यांचं असंच व्हायला हवं.

सुझु टाचा उंचावून मुद्रा पडताना बघत होती. धप्प. धप्प.

"ते काका काय करतात, आई?"

"आपण इथं आलो ना, त्याची खूण."

"म्हणजे जिथं जायचं तिथं मारायचा?"

"हो गं बाई, चल आता, पायात येतात लोक."

पुढे बाग. नाराच्या बागेत हरणं मोकळी फिरतात आणि कागद दिसला की खातात. एकाने चिहायाच्या कोटाच्या खिशातून नकाशा ओढला आणि आमच्यासमोर अर्धं नारा गिळून टाकलं. चिहायाने मला छातीशी कवटाळलं, लेकीला काखेत घेतलं आणि ती बागेतल्या विश्रामगृहात शिरली. मला टेबलावर ठेवलं, सुझुला खुर्चीवर बसवलं, भाताचे गोळे काढले. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. इस्पितळातून होता. आत बसून फोनवर बोलणं आमच्याकडे बरं दिसत नाही, म्हणून ती काचेच्या दाराबाहेर गेली, पण तोंड आतल्या बाजूलाच. सुझुवरची नजर तिने क्षणभरही काढली नाही.

मागाहून कळलं, नर्सबाई विचारत होत्या, "तोमिए आजींची कवळी सापडत नाहीये. त्या कागदात गुंडाळून कुठं ठेवतात का?"

चिहायाला सुझुची पाठ दिसत होती. हात दिसत नव्हते. टेबलाच्या कडेला मुलांसाठी साखळीने बांधलेला शिक्का होता, हिरव्या शाईचा, हरणाचा. सुझुने मला उघडलं. लिहिलेल्या पानांना धक्का लावला नाही, पहिलं कोरं पान शोधलं. सकाळी पाहिलं होतं तसंच, दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून शिक्का दाबला. धप्प.

चिहाया परत आली तेव्हा सुझु अभिमानाने म्हणाली, "आजीची खूण मारली!"

मित्रांनो, चिहाया ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाकून लेकीच्या कानाशी हळू आवाजात म्हणाली, "हे काय केलंस तू? आजीचं सगळं खराब केलंस." सुझुचा हात खुर्चीखाली गेला. आणि मी? मला त्या पोरीची दया आली नाही. त्रेचाळीस वर्षांचं माझं निर्मळपण एका झटक्यात गेलं, आता मला कुठलीच खिडकी घेणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ही मुलगी आलीच नसती तर, असंही मनात येऊन गेलं. चार वर्षांच्या मुलीबद्दल.

चिहायाने इकडेतिकडे पाहिलं. मग भाताच्या गोळ्याला गुंडाळलेला समुद्री शेवाळाचा पापुद्रा सोलला. आत आंबट प्लम होता, त्याने गुलाबी झालेली शितं तिने बाजूला केली, पांढरी बोटाने चुरली आणि हरणाच्या पानाला चारी कडांनी लावली. समोरचं कोरं पान त्यावर दाबलं. हरीण आत गेलं. बत्तिसाव्या मुद्रेनंतर आता एकदम स्वच्छ पान दिसत होतं.

"हे कुणाला सांगायचं नाही," ती सुझुला म्हणाली. "कळलं?"

सुझुने मान हलवली. उरलेला गोळा तिने खाल्ला नाही.

मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की आज ते आठवलं तरी माझ्या घड्या आकसतात.

टेकडीवरचं देऊळ साडेचारला खिडकी बंद करतं. आम्ही एकशे वीस पायऱ्या चढून सव्वाचारला पोचलो. सुझु सगळ्या पायऱ्या स्वतः चढली, मोजत नव्हती, बोलत नव्हती. खिडकीत सर्दीने नाक लाल झालेले वयस्कर भंते होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि ते एकेक पान उलटू लागले. "बत्तीस! वा, फार जपलीय," असं म्हणता म्हणता त्यांचा अंगठा थांबला.

"हे पान जाड का लागतंय? ओलंही आहे."

"घडी चिकटली असेल, भंतेजी. जुनी आहे ना," चिहाया म्हणाली.

भंत्यांनी चष्म्यावरून सुझुकडे पाहिलं. उगीच, माणूस लहान मुलाकडे बघतो तसं. पण सुझुने टाचा उंचावल्या.

"आत हरीण आहे," ती म्हणाली. "आईने दार लावलं. त्याला अंधार वाटत असेल."

चिहायाची मान खाली गेली, ती एवढी की तिचे केस खिडकीच्या फळीवर आले. मला वाटत होतं, पोरीने आणखी थोडा वेळ तोंड का नाही मिटून ठेवलं!

भंत्यांनी मला मिटलं आणि फळीवर ठेवलं. "गमतीच्या शिक्क्यांच्या वहीत मी लिहीत नाही, हा नियम. पण ते तुम्ही झाकून आणलंत."

"चुकलं माझं. पण भंतेजी, वही सासूबाईंची आहे. परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन..."

"ताई," भंते नाक पुसत म्हणाले, "आत्ताच घडी चिकटली म्हणालात. आता ऑपरेशन म्हणता. मी यातलं कुठलं खरं मानू?"

खरी गोष्ट खोटीच्या मागून आली की तिला कुणी ओळखत नाही. भंते खिडकीची सरकती फळी ओढू लागले. चिहायाने फोन काढला. मला वाटलं, पुरावा दाखवणार. तिने तोमिएला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो फळीवर ठेवला.

"चिहाया?" तोमिएचा आवाज बोळका येत होता. "चेहरा दाखवायचा नाही हं, दात नाहीत माझे. मुद्रा मिळाली का?"

चिहाया 'हो' म्हणू शकत होती. भंत्यांनी तिला खोटं पाडलं नसतं बहुधा. तिने डोळे मिटले.

"नाही, आई. सुझुने त्या पानावर हरणाचा शिक्का मारला. तिला वाटलं, तसाच मारतात. मीच तिला तसं सांगितलं होतं. आणि मग मी... ते पान चिकटवून टाकलं. भंतेजींना फसवायला निघाले होते. सुझुलाही गप्प राहायला सांगितलं."

पलीकडे कसलंतरी यंत्र टिकटिकत होतं.

"कशाने चिकटवलंस?"

"भाताने."

"मग लवकर सोडव. भात वाळला की कागद फाटतो." मग, "सुझु रडतेय का?"

"नाही. बोलतच नाहीये."

"ते वाईट. भंतेजी आहेत का तिथं? भंतेजी, नियम आहे तर नका लिहू. इतक्या वर्षांत एकदा तासभर सवड काढली असती, तर या पोरींवर ही वेळ आली नसती. चूक माझी आहे."

भंत्यांनी फळी सोडली. आत जाऊन ते किटली घेऊन आले, माझं पान तिच्या वाफेवर धरलं आणि बांबूच्या पातीने हळूहळू सोडवलं. हरणाच्या पोटापाशी कागद जरासा उकलला. बाकी ते शाबूत निघालं. मग त्यांनी मला बाजूला सारलं, एक सुटा कागद ओढला, शाई घोटली आणि कान्नोनचं नाव लिहिलं. तीन लाल मुद्रा. शेवटची मारण्याआधी थांबले आणि म्हणाले, "बाळ, इकडे ये, जरा दाब इथं." सुझुने आधी आईकडे पाहिलं. चिहाया मान डोलावून "मार" म्हणाली आणि रडू लागली.

"वहीत लिहिता येत नाही, पण सुटा कागद कुणालाही देतो," भंते म्हणाले. "हे मी आधीच सांगायला हवं होतं. राग आला होता. माझंही चुकलं."

माझ्यावर काही लिहिलं गेलं नाही. परतीच्या गाडीत तो सुटा कागद माझ्या घडीत होता आणि मी त्याचा हेवा करत होते.

गुरुवारी तोमिएने मला मांडीवर उघडलं. कवळी सापडली होती, उशीच्या अभ्र्यात. हरणावर तिने बोट फिरवलं. "पोटाला लागलंय याच्या," एवढंच म्हणाली. चिहायाने डिंक आणला होता, सुटा कागद माझ्यात नीट चिकटवायला. तोमिएने तो घेतला नाही.

"बत्तीस मी डोळ्यांनी पाहिलीत, त्यांना कागद कशाला हवा? हे एकच पाहिलं नाही. माझी वेळ आली की हा कागद तेवढा माझ्या हातात द्या. वाट चुकले तर दाखवून विचारीन. वही सुझुची. तिचं पहिलं पान झालंय की."

ऑपरेशन पार पडलं. तोमिए आणखी पाच महिने होती. सप्टेंबरात तिच्या हातात कागद ठेवला तेव्हा मी खोलीतच होते, सुझुच्या मांडीवर. सगळे रडत होते आणि मी अजूनही स्वतःच्याच मानाचा विचार करत होते, की तिथं माझी जागा होती. तेवढ्यात सुझुने माझं हरणाचं पान उघडून आजीच्या चेहऱ्यासमोर धरलं, तिला शेवटचं बघता यावं म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. मला डागाचं दुःख होतं. त्या मुलीला एकदाही आपलं हरीण मुद्रेहून कमी वाटलं नव्हतं. आणि माझ्या मानापायी तिला त्या हरणाबद्दल गप्प बसवायला मी एका पायावर तयार होते.

मित्रांनो, वह्या जपा. पानाआड टिपकागद ठेवा, दमट जागेत ठेवू नका. पण तुमच्या घरातल्या लहानग्याच्या हातून पान खराब झालं, तर ते पान झाकू नका आणि त्याला 'कुणाला सांगू नकोस' असं तर मुळीच सांगू नका. डाग मला सोसतो. त्या दिवशी पायऱ्या चढताना एक चार वर्षांची मुलगी जशी मुकाट चालत होती, ते मला अजून सोसत नाही.