बुधवारचा चौथा तास

संगणकाच्या पडद्यावर, ओळीच्या डाव्या कडेला तो तपकिरी ठिपका – मसुराच्या दाण्याएवढा – तिनंच ठेवलेला. मॅक्रो – कामं आपोआप उरकणारा छोटा प्रोग्राम – धावत तिथं आला की थबकायचा, ओळ पिवळी व्हायची, आणि मग एकेक ओळ पुढे सरकवत चूक शोधायची. सकाळपासून हेच. शाळेचं वेळापत्रक या मॅक्रोतून निघायचं, उद्या शाळा उघडणार, आणि हा पठ्ठ्या आठवी ब पाशी येऊन घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिलेला.

"बाई, दुपारपर्यंत होईल ना? छापायला द्यायचंय," उपमुख्याध्यापिकांनी दारातूनच विचारलं.

"होईल," ती म्हणाली. गणिताच्या बाईंना नाही म्हणायची सोय नसते.

मॅक्रो भूगोलाच्या सरांनी लिहिलेला. स्टाफरूम त्यांना पाठीमागे 'घड्याळकाका' म्हणायची. पाच वर्षांपूर्वी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला जाताना ते तिला म्हणाले होते – चालतोय तोवर हात लावू नका, अडला तर धीर सोडू नका.

तिनं कळ दाबली. एक ओळ. आणखी एक. मग हिरव्या अक्षरांत, स्वतःपुरती करून ठेवावी तशी, सरांची टीप – रोमन लिपीतलं मराठी, अडखळत वाचावं लागणारं : बुधवार, चौथा तास. गणिताच्या बाईंना मोकळा ठेवणे. आठवी ब भूगोलाकडे. कारण विचारू नये.

खाली तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

चूक तर सापडलीच. यंदाच्या भूगोलाच्या नव्या बाई बुधवारी येतच नाहीत; मॅक्रो बिचारा त्यांना शोधत फिरतोय. टिपेखालची ही एक ओळ पुसली की झालं... पण बोट कळीवरच राहिलं.

अकरा वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली, आणि बाजूबरोबर शब्द गेले. बुधवारी बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. चौथा तास मोकळा, त्याला लागून मधली सुट्टी – तेवढ्यात धावत घर गाठायचं, आईच्या पलंगाशी बसायचं. आई "खि" म्हणून थांबायची. घोट गिळायची. भिंतीकडे बघत राहायची... आणि आपण "खिडकी" म्हणून टाकायचं नाही, हे शिकायला तिला स्वतःलाच दोन महिने लागले होते. मग केव्हातरी, थांबलेलं तिथूनच उचलून, आई म्हणायची – "डकी." त्या खोलीतलं ऊन, औषधांच्या बाटल्या, आईच्या कपाळावरचा घाम... सगळं किती जवळचं होतं. किती चांगले दिवस होते ते, असं कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. वर्ष अर्ध्यावर असताना वेळापत्रक अचानक बदललं, इतिहासाच्या सरांनी आकांडतांडव केलं, भूगोलाचे सर खाली मान घालून ऐकत राहिले – आणि तिला वाटलं होतं, आपलं नशीब! आठवी ब चा तो तास वर्षानुवर्षं कुणी ओढला, हा प्रश्नच तिला पडला नाही. गणिताच्या बाई, आणि हिशेब जुळवला नाही.

तिनं फोन लावला.

"बोला बाई. अडला वाटतं?" आवाज थकलेला, पण हसरा.

"सर, बुधवारचा चौथा तास..."

"अजून आहे का तो? जाताना काढायचा राहिला बघा."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? दर बुधवारी मधल्या सुट्टीत फाटकाकडे पळताना दिसायचात, एका पायात चप्पल नीट नसायची. आईंचं बोलणं गेल्याचं गावात कानावर आलंच होतं." मग, "आई बोलतात ना आता नीट?"

चार वर्षं झाली होती आईला जाऊन. तिनं पडद्याकडे पाहिलं.

"शेवटी शेवटी अख्खी वाक्यं बोलायची, सर."

पलीकडे श्वास ऐकू आला. "बरं झालं," ते म्हणाले. "ओळ काढून टाका आता. मुलांचं नुकसान नको."

"काढते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून तशीच बसली. ओळ पिवळी होऊन ताटकळत होती. ती वर्षं आपण एकटीनं काढली, कुणाचा हात लागू दिला नाही – केवढ्या तोऱ्यात ती हे स्वतःला सांगत आली होती! आता तो तोरा हातातून सुटत होता... आणि सुटताना, आश्चर्य म्हणजे, दुखत नव्हतं. फक्त त्या खोलीत, आईच्या पलंगाशी, आणखी कुणीतरी इतका वेळ उभंच होतं, आणि आपण त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही, असं काहीतरी वाटत राहिलं.