पदूचा राहिलेला फेटा

आबाजीने आमच्या घरची बैलांची दमणी हाकली, त्याच्या चांगोने टांगा, चांगोच्या पदूने आमची पहिली जीप. पदूचा मुलगा सखा आमची मोटार चालवी. लोधिवलीच्या आमच्या दारातून वाहन निघाले ते या चौघांच्या हातूनच. दसऱ्याला वाहनाची पूजा झाली की आमच्या घरातल्या वडीलधाऱ्याने त्यांच्या घरातल्या वडील पुरुषाला फेटा बांधायचा आणि मग चाकापाशी नारळ फुटायचा, अशी रीत होती. यजमान गेल्यावर तो फेटा मी बांधू लागले. विधवेने बांधू नये असे पुटपुटणारे होते. त्यांना मी जुमानले नाही.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचे भाव भडकले. आणखी महागेल या धास्तीने मी सखाला बजावले, "टाकी गळ्यापर्यंत भरून आणायची. थेंबाची जागा सोडायची नाही." मोटार पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. मी रोज किल्ली फिरवून काटा पाहत असे आणि शेडच्या खांबावर खडूने रेघ ओढत असे. वैशाखात मोटार जागची हलली नाही, तरी रेघा खाली उतरू लागल्या. जमिनीवर डाग नव्हता.

सखा म्हणाला, "आईसाब, गाडीला वास येतो. कुटंतरी फुटलीय."

"वास तुझ्या कपड्यांना येतो," मी म्हणाले. अंगणात भाताचे बियाणे न्यायला आलेली पंधरावीस माणसे होती. त्यांच्यासमोर मी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तो एक शब्द बोलला नाही. मी ते गुन्ह्याची कबुली समजले.

त्या दसऱ्याला पदू धुतलेले धोतर नेसून फाटकाशी येऊन बसला. मी त्याला हाक मारली नाही. दुपारपर्यंत बसला आणि उठून गेला. मार्गशीर्षात तो वारला.

नवा ड्रायव्हर लडकू. काटा त्याच्या वेळीही उतरतच राहिला. मी म्हटले, ड्रायव्हरांची जात सगळी सारखीच. पुढल्या भाद्रपदात गरोदर सुनेला, शकूला, खोपोलीच्या डॉक्टरांकडे नेत होते. टाकी नुकतीच भरली होती, ऊन रणरणते होते. शिळफाट्याच्या अलीकडे शकूला त्या वासाने भोवळ आली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. समोर दिसले त्या गॅरेजपाशी मी मोटार थांबवली. आतून पुढे आला तो सखा.

त्याने आधी शकूला सावलीत बसवून पाणी दिले. मग ओरडला, "लडकू, ती विडी इजव आदी! आमा सगळ्यांना जाळतोस का रं?"

"टाकीचं टोपन दोनदा बदललंय," लडकू म्हणाला. "आनखी काय बदलायचं, गाडी?"

"डायवर बी बदललाय की," सखा म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. "वास कदी येतो, आईसाब? टाकी भरल्यावं, का उतरल्यावं?"

"भरल्यावर. उन्हात जास्त."

त्याने बॅटरीची तार सोडली, थोडे पेट्रोल काढून घेतले आणि डिकीतली फळी उचलली. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी गेली होती. वरून ती धडधाकट दिसत होती. सखाने रिठ्याचा फेस तिच्यावर सगळीकडून चोळला, तोंडाशी चिंध्या कोंबून बारीक पाइपने आत हवा फुंकली आणि दाढीचा आरसा नळीखाली धरला. "बघा," तो म्हणाला. आरशात, नळीच्या पोटाशी, फेसाचे बुडबुडे एकामागून एक फुगत होते.

"तापलं की पेट्रोल फुगतं. टाकीत जागा नसली की नळीत चढतं. हितनं पाझरतं नि हवेत जातं. डाग कुटनं दिसनार?"

जागा मीच सोडू दिली नव्हती.

त्याने नवी नळी बसवली, दोन्ही टोकांच्या पट्ट्या आवळल्या, पुन्हा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. भेगाळलेली नळी त्याने माझ्या हातात दिली.

"सखा, चूक माझी," मी म्हणाले.

"हितं नाय, आईसाब. हितं मला कोन वळखतंय? जितं बोल्लात तितं बोला."

दसऱ्याला मी बियाणे न्यायला आलेली तीच माणसे नावानिशी बोलावली, सखालाही. अंगणात उभी राहून नळी वर धरली. "पेट्रोल सखाने नेले नव्हते. या नळीने नेले, आणि माझ्या हावेने. तो खरे सांगत होता. मी ऐकले नाही." मी किल्ली सखाच्या हातावर ठेवली आणि फेटा उचलला.

तो मागे सरला. "माजा नंतर. बाचा राहिलाय."

पदूचे घर गावाच्या टोकाला. चार पिढ्यांत आमच्यापैकी कोणी त्या उंबऱ्यात पाऊल ठेवले नव्हते. मी चालत गेले. माणसे मागून आली. पदूच्या बायकोने, गौराबाईने, पाट मांडला. त्यावर तांब्या, तांब्यावर नारळ. मी खाली बसून त्या नारळाला फेटा बांधू लागले.

"सैल झालाय, आईसाब," गौराबाई म्हणाली. "त्याला घट्ट लागायचा. सैल आसला की दिसभर कुरकुरायचा."

मी सोडून पुन्हा बांधला. प्रत्येक पीळ ओढून.

तिने फेट्याला हात लावून पाहिला.

"त्याचं देनं फिटलं," ती म्हणाली. "उटा आता. गाडीची पूजा खोळंबलीय."