पिलांवरची मरळ

सुंदररावांचा उजवा हात दिवाळीच्या पाडव्याला गेला. अंघोळ करता करता तांब्या हातातून सुटला, पाठोपाठ तोंड वाकडं झालं. बीडच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं सुधारलं होतं, पाय ओढत का होईना चालता येत होतं. हात मात्र तसाच राहिला, कोपरात दुमडलेला, पोटाशी धरलेला. त्या हातानं त्यांनी उभा जन्म एसटी चालवली होती. पण गाडीचं त्यांना काही वाटलं नाही, ती नोकरीबरोबरच संपली होती. वाईट वाटलं ते तळ्याचं.

नांदूरघाटच्या अलीकडे डोंगराच्या पोटात एक साठवण तलाव आहे. सुट्टी मिळाली की सुंदरराव तिथं गळ टाकून बसायचे. विकण्यासाठी नाही, पोटासाठीही नाही, निव्वळ हौस. लागला मासा तर लागला. एकुलती एक लेक अंजू कळत्या वयापासून त्यांच्यासोबत जायची. पोरीच्या जातीला गळ कशाला शिकवतो, असं लोक म्हणायचे. सुंदरराव हसून म्हणायचे, "घरात जे बोलणं होत न्हाई, ते पाण्याकडं बघत होतंय."

खरंच व्हायचं. शाळा सोडायची नाही, हे अंजूनं त्यांना तळ्यावरच सांगितलं. नेकनूरचा फोटोवाला मुलगा आवडलाय, हेही तिथंच. सुंदररावांनी तेव्हा तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. दोरी हळूच गुंडाळत विचारलं होतं, "दारू पितो का?" ती नाही म्हणाली. "मग माझं काय म्हणणं न्हाई."

गळाचे त्यांचे काही नियम होते, आणि त्यातला एक फार पक्का. अंजू लहान असताना एकदा काठाजवळच्या पाण्यावर तांबडा ठिपका हलताना दिसला. कुंकू सांडल्यासारखा. ती ओरडली, "आबा, ते काय?" ती मरळीची पिलं होती, बोटाच्या पेराएवढी, शेकड्यानं, एकमेकांना चिकटून पोहणारी. त्यांच्याखाली मरळ असते, राखणीला. पिलं मोठी होईपर्यंत ती नीट खात नाही, पण पिलांजवळ बेडूक येवो की काडी येवो, तिच्यावर तुटून पडते. सुंदररावांनी हे सगळं सांगितलं आणि सांगता सांगता काठी आवरली. त्या दिवशी दोघं रिकाम्या पिशवीनं घरी आले.

लकव्यानंतरही अंजू दर रविवारी नेकनूरहून यायची. आता गळ तीच टाकायची आणि काठी वडिलांच्या डाव्या हातात द्यायची. पण डावा हात शिकेना. मासा ओढायचा, सुंदरराव झटका द्यायचे, तोवर मासा निघून गेलेला असायचा. सुरुवातीला ते हसायचे. उन्हाळा संपेपर्यंत हसणं बंद झालं. जेठात एकदा परत येताना ते म्हणाले, "अंजे, एक मरळ लागली आसती ना, तर हात गेल्याचं काई वाटलं नसतं बघ."

त्या रात्री अंजू नवऱ्याजवळ बोलता बोलता रडली. युवराज लग्नाचं शूटिंग करायचा. माणूस गप्पिष्ट आणि मायाळू. सासऱ्याला दवाखान्यात पाठीवर घेऊन जिना चढणारा तोच होता. तिचं ऐकून घेऊन तो म्हणाला, "लग्नसराई संपलीय, ड्रोन नुसता पडून हाय. मामाला आपण मासा मिळवून देऊ. रडू नको."

आखाडाचा शेवटचा रविवार होता. पुढं श्रावण, मग महिनाभर घरात वशाट नाही. सुभद्राबाईंनी, अंजूच्या आईनं, सकाळीच खोबरं भाजून मसाला वाटून ठेवला आणि तिघांना निघताना म्हणाल्या, "मासा न्हाई मिळाला तर अंडी तरी आना रे."

पाऊस उघडला होता. तळं निम्मं भरलं होतं. युवराजनं ड्रोन उडवला आणि स्क्रीन सासऱ्यापुढं धरली. सुंदरराव बघतच राहिले. जे तळं जन्मभर काठावरून बघितलं, ते आता वरून दिसत होतं. बुडालेली जुनी गाडीवाट, ओढ्याचं वळण, काळंभोर खोल पाणी.

"आरं, हितं खड्डा हाय! मी म्हणत नव्हतो का अंजे, हितं खड्डा हाय म्हणून?"

"म्हणत होतात, आबा."

"लई भारी यंत्र हाय बाबा तुझं."

थोड्या वेळानं डोळे दुखतात म्हणून ते घोंगडीवर जाऊन बसले. युवराज जरा लांब उभा राहून ड्रोन काठाकाठानं फिरवत राहिला. मग त्यानं अंजूला हातानं बोलावलं.

पाण्यात बुडालेल्या एका बाभळीजवळ तांबडा ठिपका होता. त्याच्याखाली लांब, काळी सावली. ठिपका सरकला की सावली सरकायची.

"केवढी हाय बघ," युवराज हळू आवाजात म्हणाला.

"ती पिलांवर हाय."

"मग?"

"आबा पिलांवरच्या मरळीवर गळ टाकत न्हाईत. कधीच न्हाई."

"त्यांना कावून सांगायचं? हितनं, काठावरनं त्यांना काई दिसत न्हाई. अंजू, बाकी मासे चाखून सोडतेत. ही सोडणार न्हाई. त्यांचा हात उशिरा हलला तरी ही लागणारच. दुसरा कुठला मासा लागणार हाय त्यांना, सांग बरं?"

अंजूनं मागं वळून बघितलं. सुंदरराव पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. बाटली गुडघ्यात धरलेली, डावा हात झाकणावर. झाकण फिरत नव्हतं, बाटलीच फिरत होती. कुणी बघत नाही ना, म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि झाकण दातात धरलं.

अंजूनं काठी उचलली, दोरीला रबरी बेडूक बांधला आणि वडिलांजवळ जाऊन म्हणाली, "आबा, त्या बाभळीपाशी काईतरी उसळलं. टाकू तिकडं?"

"टाक की."

बेडूक बाभळीच्या थोडा पलीकडं पडला. तिनं काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठी जरा हलवली असेल नसेल, पाणी फुटलं. काठी वाकून कमान झाली.

"लागली! अंजे, लागली गं!"

ती मदतीला धावली, तर ते ओरडले, "हात लावू नको!" त्यांनी काठी उजव्या हाताच्या दुमडलेल्या कोपरात खोवली. आठ महिने पोटाशी नुसता धरलेला तो हात आज काठी अडवायच्या कामी आला. डाव्या हातानं ते दोरी गुंडाळू लागले. मरळ खोल बुडायची, ते थांबायचे. ती सैल पडली की पुन्हा गुंडाळायचे. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. अंजूनं त्यांना इतकं आनंदी दवाखान्यानंतर बघितलं नव्हतं. आधीही कधी बघितलं होतं की नाही, कोण जाणे.

मरळ चिखलात आली. हातभर लांब, मांडीसारखी जाड. युवराज पळत आला, त्यानं फोटो काढले. सुंदररावांनी डाव्या हातानं तिच्या पाठीला स्पर्श केला. "काय जनावर हाय," ते म्हणाले. "काय जनावर हाय, युवराज!"

तेवढ्यात त्यांची नजर पाण्यावर गेली.

काठाच्या उथळ पाण्यात तांबडं काहीतरी थरथरत होतं. पिलं आईच्या मागं मागं आली होती. ठिपका आता एकसंध नव्हता, फाटला होता. थोडी इकडं, थोडी तिकडं, पुन्हा एकत्र, पुन्हा पांगलेली.

सुंदररावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, ते ओसरायला वेळ लागला.

"सोड तिला," ते म्हणाले. "अंजे, सोड. लवकर."

अंजू गळ काढू लागली. बेडूक पार घशात गेला होता. गळ कल्ल्याला अडकला होता. तिनं जपून ओढला तरी रक्त आलं, आणि येतच राहिलं. तिनं मरळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, पुढं ढकललं. मरळ हातभर गेली, आडवी झाली आणि तिचं पांढरं पोट वर आलं. पिलं तिच्याभोवती जमली. तिच्या पोटाखाली शिरायला बघत होती.

मग सुंदररावांनी विचारलं, "वरनं दिसली हुती?"

युवराज पुढं झाला. "मामा, मीच म्हणलो—"

"तुला न्हाई इचारलं. अंजे, तुला दिसली हुती?"

"हो, आबा."

त्यांनी मान हलवली. अंजूचे हात कोपरापर्यंत रक्तानं आणि चिखलानं भरले होते. ती ते धुवत राहिली.

युवराजला राहवलं नाही. "मामा, गळ तरी काय आसतो? फसवणंच की. रबरी बेडूक दाखवायचा, आत लोखंड. ड्रोननं दिसलं काय आन् नशिबानं दिसलं काय, मासा तर मरतोच."

सुंदरराव पाण्याकडं बघत होते. मग सावकाश म्हणाले, "बरोबर हाय तुझं. फसवणंच हाय. पण भुकेल्याला फसवलं तर त्याला न्हाई म्हणता येतं. बेडूक नको वाटला तर मासा निघून जातो. माझ्या गळाला किती गेले तसे. हिला कुठं जाता येत हुतं? पिलं सोडून?"

मेलेली मरळ घरी न्यायची का, हे युवराजनं विचारलं नाही. परतताना त्यानं नेकनूरच्या रस्त्यावरच्या दुकानातून अंडी घेतली. सुभद्राबाईंनी तिघांची तोंडं बघितली आणि चूल पेटवली. सुंदररावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला.

मरळीची जोडी असते. एक गेली तरी दुसरी पिलं सांभाळेल, अशी अंजूला आशा होती. श्रावण लागला. युवराज रोज कामाला जायच्या आधी तळ्यावर जायचा, ड्रोन उडवायचा. पहिल्यांदा ठिपका दिसला, पण लहान. मग आणखी लहान. खाली सावली नव्हती. एका सकाळी बाभळीजवळ बगळे उभे दिसले. त्यानंतर पाण्यावर काहीच दिसलं नाही. त्यानं साऱ्या काठानं ड्रोन फिरवला, बॅटरी संपेपर्यंत.

घरी येऊन तो अंजूजवळ बसला. "पयल्या दिवशीचा व्हिडिओ हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "पिलं, खाली मरळ, सगळं दिसतंय त्यात. मामाला दाखवू. दुसरी मरळ सांभाळतीय म्हणून सांगू. माणूस खाईना झालाय, अंजू."

अंजूनं त्याच्या हातावर हात ठेवला. हा माणूस वाईट नाही, हे तिला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

"नको," ती म्हणाली. "आता आनखी न्हाई."

रविवारी ती एकटीच गेली. सुंदरराव ओट्यावर बसले होते. ती पायरीवर बसली आणि सरळ म्हणाली, "आबा, पिलं गेली. एकबी न्हाई."

"मला वाटलंच हुतं."

"चुकलं माझं."

"माझ्या सुखासाठी केलंस. कुणीबी केलं आसतं." ते रस्त्याकडं बघत होते. "युवराजला म्हणावं, मनाला लावून घिऊ नको. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कुठं बघितलं हुतं मला काठी आवरताना? तू बघितलं हुतंस."

अंजूनं खाली मान घातली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "हात गेला, उद्या डोळे बी जातील. तरी काय बिघडलं? माझ्या वाटचं अंजी बघंल." त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. "एवढंच वाटायचं."

ती रडली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तो मायेनंच ठेवला. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

गळ, काठ्या, दोऱ्या सगळं त्यांनी तळ्यावर येणाऱ्या सटवाला देऊन टाकलं. पुढच्या रविवारी अंजू आली, त्याच्या पुढच्याही. ती वडिलांचा हात चोळून द्यायची, नखं काढायची. सोयाबीनला पाऊस पुरेल का, सुभद्राबाईंचा गुडघा कसा आहे, असं बोलणं व्हायचं. मग ते संपायचं. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत बसायचे. एकदा तिनं विचारलं, "आबा, नुसतं तळ्यावर जाऊन बसायचं का? गळ न टाकता?"

ते विचार करून म्हणाले, "बसून काय बोलायचं?"

त्या दिवशी तिनं संध्याकाळच्या आधीची एसटी धरली. एरवी ते म्हणायचे, थांब की, इतकी काय घाई. आज त्यांनी थांब म्हटलं नाही.