सुहोडोलला येण्याचं सातवं कारण

सुहोडोलला का यावं, याची सहा कारणं माझी लिहून झाली होती. सातवं सुचत नव्हतं. तालुक्याच्या पर्यटन कचेरीतल्या सान्याला मात्र पुस्तिकेसाठी सातच हवी होती, कारण शेजारच्या खोऱ्याने सात दिली होती. आणि त्या खोऱ्यात दगड आणि बकऱ्यांखेरीज आहे काय? मी आमची साय लिहिली, गवतकापणीची शर्यत लिहिली, मेंढ्या वर नेतानाची गाणी लिहिली. शेवटी 'शुद्ध हवा'सुद्धा लिहिली, इतकी वेळ आली होती. मग सान्याच म्हणाली, की तुमच्याकडे मेलेल्यांसाठी विलाप गाणारी एक म्हातारी आहे ना? तिचं चित्रीकरण करू, असं आता कुठे उरलेलं नाही. मी विचार न करता हो म्हणून बसले.

ती म्हातारी म्हणजे क्रस्तिन्या आत्या, माझ्या वडिलांची चुलत बहीण. मॉन्टेनेग्रोच्या उत्तरेकडच्या आमच्या या डोंगरात गेली पन्नास वर्षं तिच्या विलापाशिवाय कुणाला माती मिळाली नव्हती. माणूस परमुलखात मेलं, तर खळ्यावर सतरंजी अंथरून त्याचे कपडे मांडतात आणि कपड्यांसमोर रडतात. तेही काम तिचंच.

मला त्या पुस्तिकेची घाई का होती, तेही सांगून टाकते. माझा भाऊ नोवित्सा नऊ वर्षं जर्मनीत बांधकामावर होता. घराच्या माडीवर मी पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या होत्या आणि त्यांत माश्या राहत होत्या. खोल्या भरायला लागल्या तर मी येईन आणि परत जाणार नाही, असं नोवित्सा म्हणाला होता. येत्या गुरुवारी तो सुट्टीवर येणार होता. सगळ्या जगाला मी सात कारणं देत होते. खरं तर मला एकालाच बोलवायचं होतं.

मी गेले तेव्हा आत्या अंगणात लोकर पिंजत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मेलंय कोण? मी म्हटलं, कुणी नाही, नाटक समज. त्यावर तिने मिलुतिनची गोष्ट पुन्हा सांगितली, जी गावातल्या कुत्र्यांनाही पाठ होती. आत्या एकोणीस वर्षांची असताना खाणीतून निरोप आला की तिचा नवरा मिलुतिन दरडीखाली गेला. तिने त्याच्या कपड्यांवर विलाप केला. नवव्या दिवशी मिलुतिन डोक्याला पट्टी बांधून चालत घरी आला. लोक हसले, नाचले, मेंढा कापला. गवतकापणीच्या आत तो नदीत बुडाला, तेही गुडघाभर पाण्यात.

"नाव घेतलं की ते लागतं, विदा," ती म्हणाली. "मेलेल्याला लागलं तर त्याचं काही बिघडत नाही. तुझ्या बापाचे कपडे आण. राडोयेसाठी मी एकदा रडलेय, पुन्हा रडेन. पण कपडे त्याचेच हवेत. माझी थट्टा करू नकोस."

बाबांचे कपडे घरात नव्हतेच. रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी आईने ते वाटून टाकले होते. उरली होती कसर लागलेली एक टोपी. खुंटीवर मात्र नोवित्साचा काळा कोट होता, नाताळात येऊन गेला तेव्हा विसरलेला. काळा कोट तो काळा कोट, मी म्हटलं. बाबांचा डावा हात तरुणपणीच लाकडाच्या वखारीत कोपरापासून गेला होता आणि त्यांच्या सगळ्या कोटांची ती बाही दुमडून टाचलेली असायची. मीही टाचणी लावली. इतकी मी हुशार!

मंगळवारी भर दुपारी खळ्यावर सतरंजी पडली. वर टोपी, मध्ये कोट, खाली बूट. सान्या आली, तिचा कॅमेरावाला आला, आणि एका छोट्या बसमधून सहा पाहुणे आले. त्यांना मी बाकावर बसवून तळलेले गोड वडे आणि मध दिला. आत्या केस मोकळे सोडून आली. सतरंजीपाशी थांबून तिने विचारलं, "राडोयेचा?"

"त्याचाच," मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आमच्याकडे विलापाला क्रम असतो. आधी घर, मग गोत, मग माणसाचे हात-पाय, आणि अगदी शेवटी नाव. नाव येईपर्यंत ते रडणं कुणाचंच नसतं, आणि एकदा सुरू केलेलं रडणं नावाशिवाय सोडता येत नाही. आत्याने खालच्या आवाजात सुरुवात केली. आमची चूल आली, ओसरी आली, मला आई आठवली आणि खरंच रडू आलं. तिने उजवी बाही हातात धरली आणि विळा चालवणाऱ्या हाताचं गायली. मग डावी धरली. टाचणी निघाली, बाही उलगडली, आणि आत्याचा अंगठा कोपराशी येऊन थांबला.

कोपर झिजून सूत दिसत होतं. नोवित्सा लहानपणापासून डावं कोपर टेबलावर टेकून जेवतो. त्यावरून आईच्या किती शिव्या खाल्ल्या असतील. हात नसलेल्या माणसाच्या बाहीचं कोपर झिजत नाही. एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या आलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. गाणं थांबलं नव्हतं, ती त्याच एका ओळीवर पुन्हा पुन्हा फिरत होती. मी उठून सतरंजी ओढून घ्यायला हवी होती. मी वड्यांच्या ताटाकडे बघत राहिले. कॅमेरा चालू होता.

मग तिने नाव घेतलं. "क्रस्तिन्या," ती गायली, "मितारची लेक क्रस्तिन्या." पुढचं सगळं ती स्वतःचंच गायली. स्वतःचे माग चालवणारे हात, स्वतःचं मोकळं घर, आणि त्या घरी रडायला कुणी नाही, हे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही काहीतरी बोलले, काय ते मला आठवत नव्हतं. आत्याने केस बांधले, कोटाची घडी घालून काखेत मारली आणि माझ्याजवळ आली.

"हा आता माझा. नोवित्साला म्हणावं, नवा घे."

"आत्या, मला वाटलं नाही..."

"नाहीच वाटलं तुला. शिव्या घालायच्या होत्या, पण रडून घसा बसलाय."

गुरुवारी बस दोनला यायची होती. चार वाजले, पाच वाजले. दरीतल्या रस्त्यावर फोन लागत नाही. आत्याने नाव स्वतःचं घेतलं होतं, पण हात तर नोवित्साचे गायली होती. अर्धं कुणाला लागलं असेल, याचा हिशेब मी गावाबाहेरच्या कठड्यावर बसून मांडत होते. सहाच्या सुमाराला वळणावर तो पायी येताना दिसला, धुळीने पांढरा झालेला. बसपुढे पन्नास पावलांवर दरड पडली, तो म्हणाला. चुलीएवढाले दगड! मी आधी त्याला मारलं आणि मग रडले.

दुसऱ्या दिवशी त्याने कोट विचारला. मी सगळं सांगितलं. आधी हसत होता, मग हसेनासा झाला. वर आत्याकडे गेला आणि रिकाम्या हाताने परतला. तिने त्याला साय घातलेली मक्याची लापशी पोटभर खाऊ घातली होती आणि सांगितलं होतं, की कोट तिला सैल होतो, पण चालेल.

आत्या ठणठणीत होती. पण तिने कोंबड्या आमच्याकडे पाठवल्या. माग पाद्रीबुवांच्या बायकोला दिला. मी रोज गरम सूप घेऊन चढ चढायला लागले. एकदा ती दारातूनच म्हणाली, "काय गं, झालं का ते बघायला येतेस?" मी भांडं ठेवून परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

पुस्तिका छापून आली. सातव्या कारणापाशी आत्याचा फोटो होता. खोल्या भरल्या, नोवित्साने जर्मनीला कळवून टाकलं की येत नाही. मला हवं ते सगळं मिळालं, आणि मला झोप लागेनाशी झाली.

सफरचंदं उतरवायच्या आठवड्यात सकाळी नोवित्सा तिच्याकडे लाकडं टाकायला गेला. ती खुर्चीत होती, कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वैद्यकीय कागदावर हृदय असं लिहिलं गेलं. वय एकोणऐंशी, कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं.

शवपेटी खळ्यावर ठेवली, वर तो काळा कोट. पाद्रीबुवांचं आटोपलं आणि ते बाजूला झाले. आता विलाप. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिच्याकडून कुणी शिकलंच नव्हतं. मीही नाही, मी तर नुसतं पुस्तिकेत लिहिलं होतं. वाऱ्याने सतरंजीचं टोक उलटत होतं. इतक्या वर्षांत आमच्या खळ्यावर अशी शांतता झाली नव्हती.

नोवित्साने फोन काढला. सान्याच्या कचेरीने ते चित्रीकरण सगळ्यांना पाठवलं होतं. "तिचंच आहे," तो म्हणाला, "तिचं तिला देऊ." पाद्रीबुवांनी मान हलवली. त्याने फोन पेटीवर, कोटाशेजारी ठेवला आणि आत्या रडायला लागली. चूल आली, हात आले, नाव आलं. त्या घरी रडायला कुणी नाही, तेही आलं. बायकांना हुंदके फुटले, मला फुटले, तिची मी आत्ता कुठे माफी मागत होते.

विलाप संपला. नोवित्साचा हात पोचायच्या आत फोनमधून टाळ्या वाजल्या. आणि टाळ्यांवरून माझा आवाज आला, हसरा, घाईतला: "छान झालं, आत्या, फार छान. आता एकदा उजेडाकडे तोंड करून."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.