हळद लागलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. साधासुधा नाही, साऱ्या जगाचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाठीला जाड कापड आणि वर-खाली लाकडी दांडे. मुक्काम कुरुंद्याजवळच्या एका लहान गावातली शाळा, वय सत्तरीच्या पुढे. मित्रांनो, एवढ्या वयात माणसे काशीला जातात, मला मात्र हळद लागली. कशी लागली, ते सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला. साल एकोणीसशे बावन्न. समुद्र निळे, फ्रान्सचा मुलूख जांभळा, इंग्रजांचा गुलाबी. आफ्रिकेत तर गुलाबी आणि जांभळाच फार. तिथल्या माणसांचा स्वतःचा रंग कुठला, हे छापणाऱ्याला कुणी सांगितले नव्हते. मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. नव्या कपड्यातल्या पोरासारखा मी स्वतःवरच खूश होतो.

वसमतच्या स्टेशनावरून भीमराज गुरुजींनी मला बैलगाडीतून शाळेत आणले. निजामाचे राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षेच झाली होती. गुरुजी स्वतः उर्दूतून शिकलेले. मराठी अक्षरांत जग त्यांनीही पहिल्यांदाच पाहिले. मला भिंतीवर टांगून ते बराच वेळ नुसते वाचत उभे राहिले. मुले मागे गोंधळ घालत होती, पण त्या दिवशी छडी कोपऱ्यातच राहिली.

गुरुजींचा एक नेम होता. इतिहासाचा कुठलाही धडा असो, ते म्हणायचे, "आधी आपुन कुठं हाव ते दाखव. मग पॅरिस दाखव." मुले येत, हिंगोली-परभणीकडच्या जागेवर बोट टेकवत आणि मग जगभर हिंडत. बोटे किती आणि जागा केवढी! सात-आठ वर्षांत तिथला कागद झिजला आणि भोक पडले. पॅरिस शाबूत, लंडन शाबूत, भोक पडले ते आपल्याच गावाला. गुरुजींनी जुन्या धोतराचे ठिगळ मागून चिकटवले.

"राजा देवानं नेमलेला नसतो, ही गोष्ट पॅरिसच्या लोकांनी सतराशे एकोणनव्वदला बोलून दाखवली," ते शिकवायचे. "ती आफ्रिकेत पोचायला पावणेदोनशे वर्षं लागली. बैलगाडीनं निघाली असंल."

आणि ती पोचू लागली, तेव्हा गुरुजींनी एक रीत पाडली. एकोणीसशे सत्तावन्नच्या मार्चमध्ये गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला, त्याचे नाव घाना पडले. गुरुजींनी वर्तमानपत्र वाचून दाखवले आणि वाटीत हळद कालवली. आमच्या भागात हळद घरोघर पिकते. नवे मूल, नवी सून, नवा बैल, सगळ्यांना हळदीचा टिळा लागतो. "मग नव्या देशानं काय घोडं मारलं?" असे म्हणून त्यांनी हजेरीत पहिल्या असलेल्या मुलाचे बोट हळदीत बुडवले आणि घानावर टेकवले. पुढचा देश, पुढचे नाव. एकोणीसशे साठ साली आफ्रिकेत एका वर्षात सतरा देश स्वतंत्र झाले, तेव्हा तर वाटी धुवायला सवड मिळेना.

त्रेसष्टच्या डिसेंबरात केनियाची बातमी आली आणि हजेरीत नाव आले सखुचे. सखु चौथीत होती. शाळेत मुली जेमतेम पाच, त्यातली ती एक. तिने बोट इतके ओले केले की टेकवताना ते घसरले आणि केनियाच्या टिळ्याला हिंदी महासागरात शेपूट फुटले. सगळी शाळा हसली. सखुही हसली. पुढच्या उन्हाळ्यात तिला स्वतःलाच हळद लागली आणि हजेरीतले तिचे नाव लाल शाईने कापले गेले. गावातच दिली होती, पण पुन्हा शाळेची पायरी चढली नाही.

एक्काहत्तरला बांगलादेशाला टिळा लागला, ऐंशीला झिंबाब्वेला. मग गुरुजी निवृत्त झाले. नव्या मास्तरांना त्या रीतीचे काही देणेघेणे नव्हते. मला गुंडाळून कपाटावर ठेवले, शेजारी खिचडीच्या तांदळाची पोती आली. एक्क्याण्णवला सोव्हिएत संघ फुटून पंधरा देश झाले, ते मला फार उशिरा कळले, तेही पोत्याआडून. माझ्यावर तो देश अजून अखंड आहे. मला वाईट वाटले, ते देश फुटल्याचे नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला मला कुणी खाली काढले नाही, याचे वाटले.

वर्गात पडद्याचा टीव्ही आला, तेव्हा तर माझी गत कोण विचारतो अशी झाली. पण गेल्या वर्षी वसमतला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा ठरली. विषय, जगाच्या इतिहासातली वळणे. साहित्य आपले आपण आणायचे. आता टीव्ही काही एसटीत घालून नेता येत नाही. मग प्रियदर्शनी मॅडमनी स्टुलावर चढून मला खाली काढले आणि आठवीतल्या पुनमच्या हाती दिले.

पुनम म्हणजे त्या सखुची नात. सखुची आता सखुबाई झाली होती. पुनमचे वडील संतराम, हळदीचे शेतकरी. गावातली शाळा आठवीपर्यंतच. पुनमची मोठी बहीण मिना आठवीनंतर घरीच राहिली आणि अठरा पुरी होताच तिचे लग्न झाले. पुनमला नववीला वसमतला जायचे होते. संतराम वाईट माणूस नव्हे, पण बसची तकलीफ, घरातले काम, चार लोकांचे बोलणे, सगळे त्याच्या डोक्यात. त्याने एकच सांगून ठेवले होते. "जिल्ह्याला निवड झाली तर वसमतला घालतो. न्हाईतर मिना राहिली तशी राहायचं."

पुनमने माझ्यावरचे टिळे पाहिले. मॅडमनी जुन्या लोकांना विचारून रीत शोधून काढली. पुनमने ठरवले, टिळ्यावरून टिळ्यावर जात गोष्ट सांगायची. पंधरा दिवस तिने घोकंपट्टी न करता सराव केला. तिचे बोट मला ओळखीचे वाटू लागले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने मला घरी आणले, कारण बस सकाळी सातची आणि शाळा दहाला उघडणार. अंगणातल्या बाजेवर मला पसरून ती मॅडमकडे शेवटच्या सरावाला गेली. तेवढ्यात संतराम शेतातून आला. हळद शिजवण्याचे दिवस, कोपरापर्यंत हात पिवळे. त्याला माझ्या खालच्या दांड्याला वाळवी दिसली.

आता धान्याला कीड लागली की हळद, पाय कापला की हळद, उंबऱ्यावर मुंग्या आल्या की हळद, असा ज्याचा जन्म गेला, तो दुसरे काय करणार? त्याने घमेल्यात हळद घेतली, कडुलिंबाचे तेल आणि पाणी ओतले आणि फडक्याने मला चोळले. मागून चोळले, पुढून चोळले. लेकीच्या कामात आपलाही हात लागावा म्हणून चांगले मन लावून चोळले. माझे समुद्र हिरवे झाले, इंग्रजांचा गुलाबी मुलूख नारिंगी झाला आणि गुरुजींचे सगळे टिळे त्या पिवळ्यात विरघळून गेले.

पुनम आली आणि दारातच थांबली.

"बाबा, हे काहून केलं?"

"वाळवी लागली व्हती. आता दहा वर्सं बघायचं काम न्हाई."

"टिळे गेले ना सगळे."

"कसले टिळे?"

सखुबाई आतून आली. वाकून माझ्यावर बोट फिरवू लागली. आफ्रिकेवर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "माझा व्हता हितं," ती म्हणाली. "मी लावला व्हता. शाळंत असताना."

संतरामला हे ठाऊकच नव्हते. पन्नाशीला टेकलेल्या मुलाला आई कधीकाळी शाळेत होती हे माहीत असते, पण तिथे ती काय करत होती, हे त्याने विचारलेले नसते. त्याने फडके घमेल्यात टाकले.

पुनमने डोळे पुसले आणि पेन्सिल आणली. पुस्तक उघडून एकेका देशावर बारीक फुल्या मारायला बसली. केनियाशी आल्यावर तिने विचारले, "आजी, तुझा नेमका कुठं?"

"दर्याला लागून. बोट घसरून पाण्यात गेलं व्हतं माझं."

पुनमने फुली मारली आणि समुद्रात एक रेघ ओढली.

सकाळी मला उचलून संतरामच निघाला. वसमतच्या त्या सभागृहात इतरांचे रंगीत फ्लेक्स होते, दोघांकडे लॅपटॉप होते. मला उलगडले तशी मागून हसण्याची लाट आली. परीक्षक बाई म्हणाल्या, "बाळ, सगळं जग पिवळं कसं झालं?"

संतराम शेवटच्या रांगेत होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"माझ्या बाबांनी हळद लावली," पुनम म्हणाली. "वाळवी लागू नये म्हणून. पण आमच्या शाळेत नकाशाला पहिली हळद लागली, ती सत्तावन्न साली, घानाला."

हसणे थांबले. पॅरिसची गोष्ट निघाली आणि आफ्रिकेत पोचली. साठ सालची वाटी आली. पुनमने केनियावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हा माझ्या आजीने लावला होता. त्यानंतर ती शाळेत आली नाही." मग तिने बोट वर सोव्हिएत संघावर नेले. "हा देश या नकाशावर एकच आहे. खरं तर पंधरा झाले. तेव्हा आमच्या शाळेत हळद लावायला कोणी उरलं नव्हतं." तिला अजून बोलायचे होते, पण घंटा वाजली.

तिचा दुसरा क्रमांक आला. जिल्ह्याला पहिलाच जाणार होता. खरे सांगायचे तर पहिला आलेला मुलगाही चांगला बोलला होता.

परतीच्या बसमध्ये मी बाप-लेकीच्या मधोमध उभा होतो. कुरुंद्याच्या अलीकडे संतराम म्हणाला, "त्या पंधरा देशांला कुणीच लावली न्हाई?"

"न्हाई."

घरी सखुबाईने ऐकले, दुसरी आली. नातीला काही न म्हणता ती लेकाला म्हणाली, "माझं बोट पुसलंस, त्याला काही न्हाई. तुला ठाव नव्हतं. पोरीचं तर तुला ठाव हाय."

एप्रिल गेला, मे गेला. मी पुन्हा शाळेत, कपाटावर. पुनमचे काय झाले ते मला कळायला मार्ग नव्हता. मनात हजेरीचा तो जुना कागद आणि त्यावरची लाल रेघ येत राही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी संतराम सखुबाईला आणि पुनमला घेऊन वर्गात आला. साठ वर्षांनी सखुबाई ती पायरी चढली. पुनमच्या पाठीला नवे दप्तर होते.

"मॅडम, तेवढा नकाशा लावता का भिंतीला?" संतराम म्हणाला. "पुनमचं नाव घातलं वसमतला. नवं काही झालं की गुरुजी टिळा लावत व्हते म्हणं."

त्याने खिशातून हळदीची पुडी काढली. सखुबाई म्हणाली, "हळदीवर हळद काय दिसंल?" आणि कमरेची कुंकवाची डबी पुढे केली. संतरामने बोट बुडवायला हात नेला, तसा तिने तो बाजूला सारला. "तू न्हाई. तिला लावू दे."

पुनमने बोट ओले केले, कुंकवात टेकवले आणि धोतराच्या त्या ठिगळावर ठेवले. वसमतचे नाव माझ्यावर कधीच छापलेले नव्हते. आता तिथे लाल टिळा आहे. तो घसरलेला नाही.

तर मित्रांनो, तुमच्याही शाळेत कपाटावर माझ्यासारखा कुणी पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा तर कोरड्या फडक्याने पुसा, आणि काही लावण्याआधी त्यावर आधी काय लावले आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझ्याकडे अजून पंधरा टिळे राहिले आहेत. हजेरी घेऊन कुणीतरी या. येताना कुंकू आणा, हळद नको.